अकॉमोडेट: दोन सी, दोन एम आणि एक सोय

वाचकाचं पत्र: आम्ही दापोली तालुक्यात समुद्राजवळ घरगुती निवास चालवतो. चार खोल्या आहेत. दिवाळीच्या हंगामाआधी रस्त्याच्या तोंडाशी नवा बोर्ड रंगवून घेतला. त्यावर 'अकॉमोडेशन' लिहिताना पेंटरने सी दोन आणि एम एकच घातलाय. एका पाहुण्यांनी चूक दाखवली, तर पेंटर म्हणतो हे अमेरिकन स्पेलिंग आहे, चालतं. बुकिंगच्या ई-मेलमध्ये मी 'वी कॅन अकॉमोडेट टु ट्वेल्व्ह पीपल' असं लिहिते, ते तरी बरोबर आहे का? मुलगी दहावीला आहे, सेमी इंग्रजीत. तिच्या विज्ञानात हाच शब्द डोळ्यासाठी येतो, 'पॉवर ऑफ अकॉमोडेशन'. खोलीचा शब्द डोळ्यात कसा गेला, असं ती विचारते, आणि मला सांगता येत नाही. हे स्पेलिंग एकदाचं डोक्यात बसेल असं काही सांगाल का?

उत्तर:

नमस्कार ताई,

आधी बोर्डाचं बोलू, कारण तो आत्ता या क्षणी रस्त्यावर उभा आहे. बरोबर स्पेलिंग असं: ए-सी-सी-ओ-एम-एम-ओ-डी-ए-टी-ई, म्हणजे अकॉमोडेट. अक्षरं ११. नाम करताना शेवटचा ई जातो आणि आय-ओ-एन लागतं, म्हणजे अकॉमोडेशन. अक्षरं १३. दोन्हींत सी दोन आणि एमही दोन. पेंटरचं म्हणणं चूक आहे. या शब्दाचं अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये एकच स्पेलिंग आहे.

त्याचा गैरसमज कुठून आला असेल हे मात्र समजण्यासारखं आहे. 'ट्रॅव्हलर' या शब्दात ब्रिटिश लोक एल दोनदा लिहितात आणि अमेरिकन एकदाच, 'ज्वेलरी'तही असाच फरक पडतो. त्यामुळे अमेरिकन लोक जोडअक्षर कमी करतात अशी समजूत पसरली आहे. पण ट्रॅव्हलरमधला दुसरा एल प्रत्यय लागताना येतो, आणि तो घ्यायचा की नाही यावर दोन देशांच्या दोन पद्धती आहेत. अकॉमोडेटमधले दोन सी आणि दोन एम मूळ शब्दाच्या घडणीतच आहेत. ते कोणीच काढत नाही.

ही चूक मराठी माणसाकडून इतकी का होते, ते आधी पाहू. त्यातच उपाय आहे.

मराठीत अक्षर दुप्पट झालं की कानाला कळतं आणि अर्थही बदलतो. मका खायचा, मक्का तीर्थक्षेत्र. 'हला' म्हटलं तर माणसं बाजूला सरतात आणि 'हल्ला' म्हटलं तर पळतात. घरकामाचा गडी वेगळा, कोबीची गड्डी वेगळी. त्यामुळे आपल्या कानाला सवय अशी की, ऐकू आलं तर दोनदा लिहायचं, नाही आलं तर एकदा. इंग्रजीत हा नियम चालत नाही. 'अकॉमोडेट' बोलताना ना क दुप्पट होतो, ना म. देवनागरीत आपण एक क आणि एक म लिहितो, आणि उच्चाराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मग इंग्रजीत उतरवताना कान सांगतो तेच हात लिहितो. काही जण दोन्ही अक्षरं एकेकदाच लिहितात. पण सगळ्यांत जास्त दिसणारी चूक तुमच्या बोर्डावरचीच, सी दोन आणि एम एक. 'अकाउंट', 'अॅक्सेप्ट', 'अॅक्सिडेंट' रोज डोळ्यांखालून जातात, त्यामुळे सुरुवातीचे दोन सी लक्षात राहतात. एम मात्र शब्दाच्या पोटात दडलेला असतो आणि तोच निसटतो.

तिसरी चूक एमच्या पुढच्या स्वराची. इंग्रज माणूस बोलताना जोर 'कॉ'वर देतो आणि पुढचा 'मो' इतका पुसट उच्चारतो की तो 'म' आहे की 'मो' हे कळत नाही. म्हणून काही जण तिथे ओऐवजी ए किंवा आय लिहितात. तिथे ओच हवा.

आता शब्द कसा बनलाय ते बघा. शाळेत व्यंजनसंधी शिकलात ना, उत् + चार = उच्चार? त् समोरच्या च सारखा झाला आणि च दोन झाले. सत् + जन = सज्जन, उत् + लेख = उल्लेख, हे सगळं तेच. लॅटिन भाषेत 'आद' हा उपसर्ग आहे, म्हणजे 'कडे, च्या दिशेने'. त्याच्यापुढे क आला की आदचा द त्या क सारखा होतो. म्हणून आद + कॉम... मध्ये सी दोन. पुढचा तुकडाही जोडलेलाच आहे: 'कॉम' म्हणजे सह आणि 'मोदुस' म्हणजे माप. कॉमच्या शेवटी म, मोदुसच्या सुरुवातीला म, दोन शेजारी आले की एम दोन. सम् + मती = सम्मती तशातलंच. जे मापाबरोबर आहे, मापात बसतं, ते सोयीचं. लॅटिनमध्ये 'कोमोदुस' म्हणजे सोयीचं, आणि आदसकट त्याचं क्रियापद म्हणजे एखाद्या गोष्टीला मापात बसवणं, सोयीचं करणं. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकापासून आहे.

थोडक्यात, या शब्दाच्या पोटात 'सोय' आहे. आपण बोर्डावर 'राहण्याची सोय' लिहितो ना, अकॉमोडेशनचं त्याहून नेमकं मराठी दुसरं नाही.

याच घराण्यातले दोन शब्द तुम्हाला रोज लागतात. एक कमोडिटी, म्हणजे बाजारात खरेदी-विक्री होणारा माल. दुसरा कमोड. फ्रेंचमध्ये 'कमोड' म्हणजे सोयीचं. तिथे खणांच्या कपाटाला हे नाव मिळालं, पुढे खुर्चीत बसवलेल्या शौचपात्राला आणि आपल्याकडे पाश्चात्त्य पद्धतीच्या संडासाला. स्पेलिंग सी-ओ-एम-एम-ओ-डी-ई. एम दोन, आणि त्यानंतर ओ.

हाच तुमच्या पाठांतराचा आधार. निवासाच्या खोलीत पाहुणा काय विचारतो? एसी आहे का, कमोड आहे का, जेवण मिळेल का. आता अकॉमोडेटचे तीन तुकडे करा. पहिला ए-सी, म्हणजे एसी. दुसरा सी-ओ-एम-एम-ओ-डी, म्हणजे कमोड, फक्त शेवटचा ई गळालेला. तिसरा ए-टी-ई, म्हणजे 'एट', जेवला. एसी, कमोड, जेवला. तिन्ही सलग लिहा, शब्द पूर्ण. अक्षरं मोजायची गरज नाही, दोन सी कुठले आणि दोन एम कुठले ते आपोआप जागेवर बसतात. पहिला सी एसीचा आणि दुसरा कमोडचा. दोन्ही एम कमोडचे. यात ओढूनताणून काही नाही, कारण कमोड आणि अकॉमोडेट खरोखरच एका मुळातून आलेत.

दुसरी युक्ती खास आपल्या जिभेसाठी. आपल्याला जोडाक्षर नीट उच्चारता येतं. म्हणून पाठ करताना मुद्दाम मराठी पद्धतीने म्हणा: अक्-कॉम्-मो-डेट, अक्कॉम्मोडेट. क वर एक हिसका, म वर एक हिसका. हा उच्चार बोलताना वापरायचा नाही, फक्त लिहिताना मनात म्हणायचा. इंग्रजीतही ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तर तो याच जागी तुटतो, एक एम वरच्या ओळीत आणि एक खालच्या.

इथे एक खबरदारी. हे स्पेलिंग पक्कं झालं की माणूस जवळच्या शब्दांतही सगळं दोन-दोनदा लिहू लागतो. 'अक्युम्युलेट', म्हणजे साठत जाणं, यात सी दोन पण एम एकच, कारण तिथे कॉम नाही. 'रेकमेंड' म्हणजे शिफारस करणं, यात उलट, सी एक आणि एम दोन, कारण सुरुवातीला आद नाही, 'रे' आहे. 'अकम्पनी'मध्ये सी दोन, पण एम एक, कारण पुढे पी आहे. 'कमिटी' सर्वांत लबाड, तिच्यात एम दोन, टी दोन आणि ई दोन. आणि अकॉमोडेटमध्ये टी एकच, तो भूतकाळातही दुप्पट होत नाही. अकॉमोडेटेड, अकॉमोडेटिंग, दोन्हींत टी एक.

आता तुमचं ई-मेलमधलं वाक्य. 'वी कॅन अकॉमोडेट टु ट्वेल्व्ह पीपल' यात 'टु' चुकलाय. जागा देणं या अर्थाने अकॉमोडेटला कर्म थेट लागतं, मध्ये टु येत नाही. 'वी कॅन अकॉमोडेट ट्वेल्व्ह पीपल' एवढंच पुरे. 'जास्तीत जास्त बारा' म्हणायचं असेल तर 'अप टु ट्वेल्व्ह पीपल' लिहा. तुमच्या मनात बहुधा तेच होतं आणि लिहिताना अप राहून गेला. मराठीत आपण 'बारा माणसांना' म्हणतो, त्या 'ना'चा टु होतो आणि तो नको तिथे जाऊन बसतो. 'अकॉमोडेट फॉर' हेही टाळा.

खोलीबद्दल लिहिताना कर्ता खोलीही असू शकते: 'द रूम अकॉमोडेट्स फोर गेस्ट्स', म्हणजे खोलीत चौघे मावतात. आणि पाहुण्याने काही मागितलं, लवकर येऊ का, पोराला वेगळी गादी मिळेल का, जेवणात कांदा-लसूण नको, तर 'वी विल ट्राय टु अकॉमोडेट युअर रिक्वेस्ट' असं लिहा. म्हणजे तुमची विनंती आम्ही सांभाळून घेऊ. हे वाक्य सभ्य आहे, पण त्यात हमी नाही, प्रयत्न करू एवढंच आहे. नक्की जमणार असेल तर 'येस' लिहून काय करणार ते साध्या शब्दांत सांगा.

नामाची एक अडचण अशी की 'अॅन अकॉमोडेशन' किंवा 'टू अकॉमोडेशन्स' असं खोल्यांबद्दल लिहायचं नाही. ब्रिटिश इंग्रजीत राहण्याची सोय या अर्थाने हे नाम मोजलं जात नाही, पाण्यासारखं. अमेरिकेत शेवटी एस लावून 'अकॉमोडेशन्स' म्हणतात, ते त्यांच्याकडे बरोबर. आपल्याकडे ब्रिटिश वळण आहे, तेव्हा एस नको. मोजायचं असेल तर खोल्या मोजा: 'फोर रूम्स'. आणि 'प्लीज डू माय अकॉमोडेशन' असा निरोप कोणाकडून आला तर समजून घ्या, पण उत्तरात तसं लिहू नका. नाम आणि क्रियापद इथे एकमेकांच्या जागी गेले आहेत.

आपल्याकडे अकॉमोडेटचं काम बऱ्याचदा 'अॅडजस्ट' करतं. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि म्हणतो, थोडं अॅडजस्ट करा. बसलेले सरकतात. इंग्रजी पत्रात मात्र हा शब्द तसाच टाकला, 'प्लीज अॅडजस्ट अस इन वन रूम', तर इंग्रजी वाचणारा गोंधळतो, कारण अॅडजस्ट म्हणजे एखाद्या वस्तूत बारीक बदल करणं, नट आवळणं, उंची कमी-जास्त करणं. पाहुणे म्हणून हे विचारायचं तर 'कुड यू अकॉमोडेट अस इन वन रूम' म्हणावं. स्वतः सरकून घेणं ते अॅडजस्ट, दुसऱ्याला जागा करून देणं ते अकॉमोडेट, एवढं ध्यानात ठेवलं तर पत्रव्यवहारात चूक होणार नाही.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. तिला म्हणावं, प्रश्न फार चांगला आहे.

डोळ्यातलं भिंग काचेच्या भिंगासारखं कडक नसतं. त्याच्याभोवती सिलिअरी स्नायू असतात. दूरच्या डोंगराकडे बघताना हे स्नायू सैल असतात, भिंग चपटं होतं आणि त्याचं नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून किरण एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर, वाढतं. पुस्तक जवळ धरलं की स्नायू आकुंचन पावतात, भिंग फुगीर होतं आणि नाभीय अंतर कमी होतं. प्रतिमा दोन्ही वेळा दृष्टिपटलावर स्पष्ट पडते. समोरच्या वस्तूच्या अंतराप्रमाणे भिंगाने स्वतःला मापात बसवणं, हीच पॉवर ऑफ अकॉमोडेशन, मराठी पुस्तकात समायोजन शक्ती. निरोगी डोळ्याला कमीत कमी २५ सेंटीमीटर अंतरावरचं ताण न देता स्पष्ट दिसतं, हा आकडा तिच्या परीक्षेत येतो. तिला स्वतःचा हात समोर धरून बघू दे. तळहात हळूहळू डोळ्यांजवळ आणला की एका टप्प्यावर रेषा धूसर होतात. तिथे भिंग आणखी फुगू शकत नाही.

वय वाढतं तशी भिंगाची लवचीकता कमी होते आणि चाळिशीच्या सुमारास पेपर हात लांब करून वाचावा लागतो. मराठीने या चष्म्याला 'चाळिशी'च म्हटलं आहे, वयाचंच नाव चष्म्याला. चाळिशी लागणं म्हणजे डोळ्याचं अकॉमोडेशन कमी होणं. खोली पाहुण्याला मापात बसवते, भिंग अंतराला मापात बसवतं. शब्द एकच, कारण मूळ अर्थ एकच.

हे क्रियापद डोळ्याबद्दल वापरताना मात्र 'टु' येतो: 'द आय अकॉमोडेट्स टु निअर ऑब्जेक्ट्स'. स्वतः बदलून जुळवून घेणं या अर्थी टु, दुसऱ्याला जागा देणं या अर्थी टु नाही. तुमच्या ई-मेलच्या आणि मुलीच्या पुस्तकाच्या वाक्यातला फरक इतकाच.

शिक्षकभरतीची किंवा डी.एड., बी.एड.ची तयारी घरात कोणी करत असेल तर हा शब्द मानसशास्त्रातही भेटेल. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलाच्या शिकण्याच्या दोन क्रिया सांगितल्या. लहान मूल कुत्र्याला भूभू म्हणायला शिकतं आणि मग दारातल्या गाईलाही भूभू म्हणतं. म्हणजे नवी गोष्ट जुन्याच खणात घातली, ही आत्मसात करण्याची क्रिया. आई सांगते, ही हम्मा. मग मूल डोक्यात नवा खण उघडतं, चार पायांच्यात भूभूही असतो आणि हम्माही. हे दुसरं म्हणजे अकॉमोडेशन. परीक्षेत या दोन संज्ञांची अदलाबदल फार होते. लक्षात ठेवायला सोपं: खण तोच राहिला तर पहिली, खण बदलला तर अकॉमोडेशन.

पैशाच्या व्यवहारातही हा शब्द आहे. कॉमर्सच्या पुस्तकातलं अकॉमोडेशन बिल म्हणजे प्रत्यक्ष मालाची देवघेव न होता केवळ कोणाची तात्पुरती पैशाची सोय व्हावी म्हणून लिहिलेली हुंडी. आणि रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाच्या बातम्यांत 'अकॉमोडेटिव्ह' असं विशेषण येतं, म्हणजे कर्ज आणि पैसा सोयीने मिळावा अशी भूमिका. जून २०१९ मध्ये बँकेने भूमिका न्यूट्रलवरून अकॉमोडेटिव्ह केली. २०२२ मध्ये महागाई वाढली तेव्हा 'विड्रॉवल ऑफ अकॉमोडेशन', म्हणजे ती सोय मागे घेणं, अशी भाषा आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भूमिका पुन्हा न्यूट्रल झाली. माणसाच्या स्वभावाबद्दल मात्र अकॉमोडेटिव्ह वापरत नाहीत. दुसऱ्याची सोय बघणारा, अडवणूक न करणारा माणूस म्हणजे 'अकॉमोडेटिंग'. पाहुण्याने तुमच्याबद्दल अभिप्रायात 'व्हेरी अकॉमोडेटिंग होस्ट' लिहिलं तर ती मोठी शाबासकी आहे.

एक अर्थ तुमच्या व्यवसायाला थेट लागतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. त्याच्या कलम २ मध्ये 'रीझनेबल अकॉमोडेशन'ची व्याख्या दिली आहे: अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून केलेले आवश्यक आणि योग्य बदल, पण करणाऱ्यावर अवाजवी बोजा पडणार नाही इतके. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारातून ही कल्पना आली, तो भारताने २००७ मध्ये स्वीकारला. इथे अकॉमोडेशन म्हणजे खोली देणं नव्हे. जिना चढता न येणाऱ्या पाहुण्याला तळमजल्यावरची खोली देणं, दोन पायऱ्यांवर फळीचा उतार टाकणं, न्हाणीघरात धरायला दांडा बसवणं, हे ते. असा पाहुणा 'डू यू प्रोव्हाइड अकॉमोडेशन फॉर अ व्हीलचेअर यूजर' असं विचारतो तेव्हा तो नुसतं 'खोली आहे का' विचारत नाही. उत्तरात दाराची रुंदी इंचांत, पायऱ्यांची संख्या आणि कमोड आहे का, हे तिन्ही लिहा. नुसतं 'येस' लिहिलं आणि पाहुणा येऊन दारातच अडकला, तर त्याचा सगळा प्रवास वाया जातो.

रेल्वेतही हा शब्द तुम्ही पाहिला असेल. 'विकल्प' योजनेचं इंग्रजी नाव 'अल्टरनेट ट्रेन अकॉमोडेशन स्कीम', वेटिंगवरच्या प्रवाशाला दुसऱ्या गाडीत जागा देण्याची.

आता बोर्डाची दुरुस्ती. मधेच एक एम घुसवता येणार नाही. एम हे इंग्रजीतलं सगळ्यांत रुंद अक्षरांपैकी एक आहे, त्याला जागाच नसते, आणि दोन अक्षरांमध्ये चेपून लिहिलेला एम लांबून काळा डाग दिसतो. ती ओळ पूर्ण बोर्डाच्या रंगाने बुजवा, रंग पुरता वाळू द्या (समुद्राकाठच्या दमट हवेत एका दिवसाहून जास्त लागू शकतो) आणि मग नव्याने आखून लिहा.

आखताना पेंटरने १३ अक्षरांना सारखी जागा वाटली तर गडबड होईल. एमला साध्या अक्षराच्या दीडपट रुंदी लागते आणि आयला निम्मी. चार फुटी बोर्ड असेल तर दोन्ही बाजूंना ३-३ इंच सोडल्यावर ४२ इंच उरतात. त्यात साधं अक्षर अडीच इंच, एम पावणेचार इंच, आय सव्वा इंच आणि दोन अक्षरांत अर्ध्या इंचाहून जरा जास्त फट, असं बसतं. आता एक बारीक गोष्ट. १३ अक्षरांचं मधलं अक्षर सातवं, म्हणजे दुसरा ओ. पेंटर तो बोर्डाच्या बरोबर मध्यावर घेईल आणि तिथूनच दोन्हीकडे आखत जाईल. पण ओच्या डावीकडे दोन एम आहेत आणि उजवीकडे बारीक आय, त्यामुळे डावा भाग रुंद होतो. मधला ओ मध्यापासून साधारण पावणेदोन ते दोन इंच उजवीकडे घेतला तर ओळ मधोमध बसते. हे न केल्यास डावीकडे जागा अपुरी पडते, आणि जागा अपुरी पडली की पहिला बळी जातो तो एमचा.

फ्लेक्स करून घेणार असाल तर वेगळी काळजी. दुकानदार कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं 'कर्व्ह' करून पाठवतो. एकदा कर्व्ह झालं की ती अक्षरं नुसती आकृती होतात, त्यांचं स्पेलिंग कोणतंही यंत्र तपासत नाही आणि दुरुस्तीही टाइप करून होत नाही. कर्व्ह करण्याआधीचं चित्र मोबाइलवर मागवा आणि मुलीला मोठ्याने अक्षर-अक्षर वाचायला सांगा: ए, सी, सी, ओ, एम, एम. सलग शब्द वाचू नका. सलग वाचताना डोळा चूक दुरुस्त करूनच वाचतो.

संगणकावर वर्डमध्ये टाइप करत असाल तर सगळी अक्षरं कॅपिटल असलेले शब्द तपासायचे नाहीत असा एक पर्याय असतो आणि तो अनेक संगणकांवर चालू असतो. म्हणून कॅपिटलमधल्या चुकीखाली लाल रेघ येत नाही. आधी लहान अक्षरांत टाइप करून बघा, मग कॅपिटल करा. फोनवर तुम्ही इतके दिवस चुकीचं टाइप केलं असेल तर कीबोर्डने तेच शिकून घेतलं असणार. गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड असेल तर वरच्या पट्टीवर येणारा चुकीचा शब्द दाबून धरा आणि कचऱ्याच्या डब्याच्या खुणेवर ओढून टाका. नकाशावरची तुमच्या निवासाची नोंद आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारं दरपत्रकही याच बैठकीत तपासून घ्या.

आणि बोर्डावर इंग्रजी शब्द हवाच असं असेल तर 'रूम्स' हा पाच अक्षरी शब्दही तेच काम करतो, लांबून जास्त ठळक दिसतो आणि त्यात चुकायला जागा नाही. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत 'राहण्याची व न्याहारीची सोय' लिहा. पेंटरकडे मजकूर तोंडी देऊ नका. कागदावर कॅपिटलमध्ये, प्रत्येक अक्षरात फट ठेवून लिहून द्या, आणि रंग लावण्याआधी खडूने आखलेल्या ओळीचा फोटो मागवा.